ऊन लख्ख, पॅनेल नवे, तरी मोटर ढिम्म का?

शाळेत विज्ञान प्रदर्शनाची तारीख जाहीर झाली की बाजारात दोन वस्तूंना हमखास मागणी येते. एक म्हणजे तळहाताएवढे सौर पॅनेल आणि दुसरी खेळण्यातली छोटी डीसी मोटर. सौर पंखा, सौर मोटारगाडी, सौर कारंजे अशी प्रकल्पांची नावे निराळी असली तरी आतली करामत एकच. पॅनेलच्या दोन तारा मोटरच्या दोन टोकांना जोडायच्या, मोटरच्या दांडीवर पाते किंवा चाक बसवायचे आणि सगळे उन्हात ठेवायचे. बॅटरी नाही, बटण नाही. आईवडिलांनाही वाटते, चला, यंदा स्वस्तात सुटलो.

रविवारी दुपारी गच्चीवर पाते गरगर फिरते. घरातली सगळी मंडळी कौतुकाने पाहून जातात. सोमवारी शाळेच्या सभागृहात, ट्यूबलाइटच्या उजेडात, तेच पाते जागचे हलत नाही. परीक्षक पुढच्या टेबलाकडे सरकतात आणि मुलाचा चेहरा पडतो. संध्याकाळी वडील तावातावाने दुकानात जातात. दुकानदार शांतपणे पॅनेल रस्त्यावरच्या उन्हात धरतो आणि मोटर फिरू लागते!

दोष पॅनेलचाही नसतो आणि मोटरचाही नसतो. या दोघांची सोयरीक जुळवताना पाहायच्या गोष्टी कोणी पाहिलेल्या नसतात, इतकेच. खेळण्याच्या बाबतीत हा गोंधळ शे-दोनशे रुपयांत आणि थोड्या रडारडीत निभावतो. विहिरीवर बसवलेल्या पंपाच्या बाबतीत त्याची किंमत उभ्या पिकाने मोजावी लागते. म्हणून हे प्रकरण नीट समजून घेण्यासारखे आहे.

पॅनेल म्हणजे बॅटरी नव्हे

बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. पॅनेलवर '६ व्होल्ट' असे छापलेले असते, म्हणून ते सहा व्होल्टच्या बॅटरीसारखेच वागेल असे गृहीत धरले जाते. बॅटरी ही भरलेल्या हौदासारखी असते. तोटी जितकी उघडाल तितके पाणी. पॅनेल हे झऱ्यासारखे आहे. झऱ्याला जेवढा पाझर, तेवढेच पाणी. घागर कितीही मोठी नेली तरी धार वाढत नाही.

सिलिकॉनचा एक सौर सेल उन्हात साधारण अर्धा व्होल्ट देतो. तो नखाएवढा असो की ताटलीएवढा, व्होल्टेज तेवढेच. म्हणून असे अनेक सेल एकापुढे एक जोडून पॅनेल बनवतात. 'बारा व्होल्टचे' म्हणून विकले जाणारे पॅनेल घेतले तर त्यात बहुधा ३६ सेल असतात आणि त्याला काहीही जोडलेले नसताना ते २१-२२ व्होल्टसुद्धा दाखवते. करंट किती मिळणार हे मात्र दोनच गोष्टींवर ठरते : सेलचा आकार आणि त्यावर पडणारा उजेड. उजेड निम्मा झाला की करंटही निम्मा.

आता सभागृहातल्या फजितीचे कोडे सुटते. भर दुपारी उघड्यावर सुमारे एक लाख लक्स इतका प्रकाश असतो. चांगल्या उजेडाच्या वर्गखोलीत तो तीनशे ते पाचशे लक्स भरतो, म्हणजे दोनशेवा-तीनशेवा हिस्सा. आपले डोळे अंधार-उजेडाशी इतक्या बेमालूमपणे जुळवून घेतात की हा प्रचंड फरक आपल्याला जाणवतच नाही. पॅनेलला तो बरोबर जाणवतो. पावसाळी ढग दाटले तरी उघड्यावरचा प्रकाश पाचव्या-दहाव्या हिश्श्यावर येतो, आणि आपण मात्र खिडकीशी बसून आरामात वर्तमानपत्र वाचत असतो.

सुरुवातीलाच लागतो खरा जोर

दुसरी बाजू मोटरची. चिखलात रुतलेली बैलगाडी आठवा. ती हलवताना बैलांचा आणि माणसांचा सगळा जोर लागतो. एकदा चाक फिरले की मग बैल सहज ओढतात. मोटरचेही तसेच आहे. थांबलेल्या मोटरला पहिला वेढा घेताना सर्वांत जास्त करंट लागतो, कारण मोटरचा जोर थेट करंटवर अवलंबून असतो. फिरू लागल्यावर तीच मोटर एखाद्या जनित्रासारखी स्वतःच उलट दिशेने व्होल्टेज निर्माण करते आणि येणाऱ्या करंटला आवर घालते. म्हणून फिरणारी मोटर थोड्या करंटवर भागवते.

थोडे आकडे पाहू. समजा, खेळण्यातल्या मोटरच्या वेटोळ्याचा रोध दोन ओहम आहे. तीन व्होल्टची बॅटरी जोडली तर सुरुवातीच्या क्षणी ती दीड अँपिअरपर्यंत करंट ढकलू शकते. मोटर झटक्यात सुटते. त्याच मोटरला तीन व्होल्टचे, पण पूर्ण उन्हात जेमतेम ०.१५ अँपिअर देणारे पॅनेल जोडले, तर काय होईल? पॅनेल आपली सगळी ताकद लावून ०.१५ अँपिअर देईल आणि मोटरच्या टोकांना व्होल्टेज उरेल फक्त ०.३. जोर बॅटरीच्या दहाव्या हिश्श्याइतका. तेवढ्यात मोटर सुटली तर सुटली. ब्रश थोडे घट्ट असतील, पाते जड असेल, ऊन किंचित उतरले असेल, तर ती ढिम्म बसून राहील.

अशा वेळी पात्याला बोटाने हलकेच टिचकी मारावी. पुष्कळदा मोटर चालू होते आणि मग चालतच राहते. मुलांना ही जादू वाटते. सुरुवातीचा तो जादा जोर बोटाने दिला, एवढेच त्यातले इंगित. याच कारणाने सकाळी नऊच्या उन्हात न सुटणारी मोटर संध्याकाळी त्याहून मंद उन्हातही फिरताना दिसते. ती दुपारपासून फिरतच असते, तिला नव्याने सुरू व्हायचे नसते.

या उणिवेत एक सोयही दडलेली आहे. बॅटरीची दोन टोके चुकून एकमेकांना चिकटली तर ठिणग्या उडतात, तारा तापतात. छोट्या पॅनेलच्या तारा चिकटल्या तर काहीच बिघडत नाही, कारण ठरावीक करंटापेक्षा जास्त ते देऊच शकत नाही. मुलांच्या हाती द्यायला त्यामुळे ते फार निर्धोक.

आकाशपाळण्यापासून सुरुवात

पॅनेलवर थेट मोटर चालवण्याची कल्पना आजची नाही. सिलिकॉनचा सौर सेल जगापुढे आला तोच मुळी एक खेळणे फिरवत. अमेरिकेत न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत डॅरिल चॅपिन, कॅल्विन फुलर आणि जेराल्ड पिअर्सन या तिघांनी तो तयार केला. २५ एप्रिल १९५४ रोजी त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले, तेव्हा त्या सौर बॅटरीवर एक छोटासा आकाशपाळणा फिरवून दाखवण्यात आला. सेलवर पडणाऱ्या उन्हातील सुमारे सहा टक्के शक्तीच तेव्हा विजेत उतरत होती. आज बाजारातली चांगली पॅनेले वीस टक्क्यांच्या पुढे गेली आहेत. आकाशपाळणा ही निवडही चतुर म्हणायला हवी. त्याचे पाळणे दोन्ही बाजूंना समतोल असतात, त्यामुळे सुरुवातीला जोर कमी लागतो.

पुढच्याच वर्षी, ३१ ऑगस्ट १९५५ रोजी, शिकागोच्या प्रदर्शनात जनरल मोटर्सच्या विल्यम कॉब यांनी 'सनमोबिल' नावाची गाडी चालवून दाखवली. पाठीवर सेलेनियमचे बारा सेल, पोटात एक छोटी विजेची मोटर. लांबी होती अवघी पंधरा इंच! आजच्या शाळकरी प्रकल्पातील सौर गाडी तिचीच वंशज.

मोटर निवडताना

मग घरी प्रयोग करायचा तर काय पाहावे? मोटरवर लिहिलेल्या व्होल्टेजपेक्षा ती किती करंटावर सुटते हे महत्त्वाचे. सर्वांत स्वस्त खेळण्यातल्या मोटरी बहुधा अधाशी असतात. त्यांना नुसते फिरायलाच शे-दोनशे मिलिअँपिअर लागतात. जुन्या, बिघडलेल्या सीडी-डीव्हीडी प्लेअरमधल्या छोट्या मोटरी पुष्कळ मितव्ययी निघतात. कॅसेट प्लेअरच्या मोटरीही चांगल्या, पण त्यांतल्या काहींच्या पोटात वेग स्थिर ठेवणारे सर्किट असते आणि ते पॅनेलच्या चढउतारावर नीट चालत नाही. 'सोलर मोटर' म्हणून विकल्या जाणाऱ्या मोटरी मुद्दाम कमी करंटावर सुटतील अशा बनवलेल्या असतात. त्या मिळाल्या तर प्रश्नच मिटला.

घरात मल्टिमीटर असेल तर पॅनेलची परीक्षा पाच मिनिटांत होते. ऐन उन्हात पॅनेल धरून आधी व्होल्टेज मोजावे, मग मीटर अँपिअरवर लावून, तारा मीटरच्या योग्य भोकात घालून, पॅनेल सरळ मीटरला जोडावे. मिळालेला आकडा म्हणजे पॅनेलचा जास्तीत जास्त करंट. मोटर सुटायला जेवढा करंट घेते त्याच्या निदान दीडपट-दुप्पट तो असावा. (हा दुसरा प्रयोग बॅटरीवर चुकूनही करू नये, मीटर जळेल.) करंट कमी पडत असेल तर तशीच दोन पॅनेले समांतर जोडावीत, म्हणजे लाल तारेला लाल आणि काळीला काळी. एकापुढे एक जोडली तर व्होल्टेज वाढते, करंट तेवढाच राहतो आणि हटून बसलेली मोटर हटूनच बसते. दुकानात नेमका हाच सल्ला उलटा दिला जातो.

प्रदर्शन सभागृहात असेल तर टेबलावर जुन्या पद्धतीचा शंभर वॉटचा, तार तापून प्रकाश देणारा बल्ब किंवा हॅलोजन दिवा ठेवावा. त्याच्या प्रकाशात डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण भरपूर असतात आणि सिलिकॉन त्यांचाही उपयोग करून घेतो. तेवढाच उजळ दिसणारा एलईडी दिवा इथे उपयोगी पडत नाही. दिवा वीतभर अंतरावर ठेवावा, फार जवळ नको, नाहीतर पॅनेलवरचे प्लास्टिक पिवळे पडते, वितळतेही. पाते कागदाचे किंवा पातळ प्लास्टिकचे असावे. बाकी झगमगाट नंतर.

पंख्याचे गुण जुळतात

काही यंत्रांचे मात्र पॅनेलशी छत्तीस गुण जुळतात. पंखा हे त्यांतले पहिले. हळू फिरणाऱ्या पंख्याला हवेचा विरोध जवळजवळ नसतो; वेग वाढेल तसा तो वाढत जातो. म्हणजे सुरुवातीला जोर कमी आणि ऊन चढेल तसे काम जास्त, अगदी पॅनेलच्या स्वभावाला साजेसे.

उन्हाळ्यात घरोघरी वाळवणे होतात. मिरची, आवळा, कैरी, भाज्या वाळवण्यासाठी वापरायच्या काचेच्या सौर वाळवणी पेटीत असा पंखा बसवतात. ऊन कडक झाले की पेटीतली हवा जास्त तापते आणि त्याच उन्हाने पंखाही जोरात फिरून दमट हवा बाहेर टाकतो. ढग आले की हवा तापत नाही, पंखाही मंदावतो. वेगळे नियंत्रण लागतच नाही. माळ्यावरची किंवा पत्र्याच्या खोलीतली कोंडलेली गरम हवा बाहेर काढणारा छोटा पंखा हेही असेच उदाहरण. नको त्या वेळी तो चालतच नाही. संगणकात असतो तसा बारा व्होल्टचा दोन वॉटचा पंखा पाच वॉटच्या पॅनेलवर बऱ्यापैकी चालतो. मात्र त्यात ब्रशऐवजी इलेक्ट्रॉनिक सर्किट असते. मोकळेपणी २१ व्होल्टपर्यंत जाणारे मोठे पॅनेल थेट जोडले तर ते सर्किट दगा देऊ शकते. मध्ये बारा व्होल्ट कायम ठेवणारा छोटा रेग्युलेटर घालणे शहाणपणाचे.

विहिरीवरचा हिशेब वेगळा

खरी कसोटी लागते ती पाण्यापाशी. आफ्रिकेतील साहेल पट्ट्यात १९७० च्या दशकात भीषण दुष्काळ पडला. त्या काळात माली देशात फादर बर्नार व्हेर्स्पिएरन यांनी 'माली आक्वा व्हिवा' या उपक्रमातून विहिरी खोदायला घेतल्या आणि १९७७ मध्ये नबासो या गावी सौर पंप बसवला. ज्या उन्हाने पाणी आटवले त्याच उन्हाकडून ते वर खेचून घ्यायचे, असा हा मामला. पाण्याच्या कामात बॅटरीवाचून अडत नाही हे सौर पंपाचे मोठे बळ आहे. दिवसा टाकी भरून ठेवली की तीच बॅटरी. रात्री वीज साठवण्यापेक्षा पाणी साठवणे केव्हाही स्वस्त.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. शेतीची वीज वर्षानुवर्षे आळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री मिळत आली. कडाक्याच्या थंडीत, साप-विंचवाचे आणि अलीकडे बिबट्याचे भय मनात धरून बॅटरीच्या उजेडात पिकाला पाणी देणारा माणूस घरी सुखरूप परतेपर्यंत घरच्यांचा डोळा लागत नाही. दिवसाउजेडी चालणारा पंप त्या घराला काय देतो, हे आकड्यांत मांडता येणार नाही.

पण पंप हा पंखा नव्हे. बाजारात सर्रास दिसणारा सेंट्रिफ्युगल पंप घ्या. त्याचा वेग निम्मा झाला तर तो पाणी निम्म्या उंचीपर्यंत नव्हे, चौथ्या हिश्श्याइतक्याच उंचीपर्यंत ढकलू शकतो. पूर्ण वेगात वीस मीटर चढवणारा पंप अर्ध्या वेगात पाचच मीटर चढवेल. विहीर बारा मीटर खोल असेल तर सकाळी पंप फिरताना दिसेल, आवाजही येईल, पण पाइपातून थेंब पडणार नाही. शेतकरी म्हणतो, पंप बिघडला. तो बिघडलेला नसतो, उन्हाची वाट पाहत असतो.

दुसरा प्रकार दट्ट्याच्या, पडद्याच्या किंवा मळसूत्री पंपाचा. हे पंप हळू फिरले तरी थोडे का होईना पाणी वर देतात. पण पाण्याचा सगळा भार त्यांच्यावर पहिल्या वेढ्यापासून असतो. म्हणजे पुन्हा चिखलातली बैलगाडीच. पॅनेल थेट जोडले तर सकाळचे दोन-तीन तास मोटर अडून राहते, आणि दुपारी एखादा ढग येऊन गेला की पुन्हा अडते.

यावर तोडगा म्हणजे पॅनेल आणि मोटर यांच्यामध्ये बसणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक. छोट्या पंपांसाठीच्या नियंत्रकाला करंट बूस्टर म्हणतात. पॅनेलकडे सकाळी करंट थोडा असला तरी व्होल्टेज बऱ्यापैकी असते. हा नियंत्रक जादा व्होल्टेज देऊन त्या बदल्यात करंट मिळवतो, जणू शंभराची नोट मोडून सुट्टे करावेत. शक्ती वाढत नाही, फक्त मोटरला हव्या त्या रूपात मिळते, आणि पंप सकाळी लवकर सुरू होतो. केंद्राच्या २०१९ मधील पीएम-कुसुम योजनेतील किंवा महाराष्ट्राच्या २०२४ मधील 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतील मोठ्या पंपांनाही असाच, पण अधिक हुशार नियंत्रक असतो. उन्हाच्या प्रत्येक चढउताराबरोबर तो पॅनेलमधून जास्तीत जास्त शक्ती काढून घेतो. राज्याच्या योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के, आणि जमिनीनुसार ३, ५ किंवा साडेसात अश्वशक्तीचा पंप असे स्वरूप ठरले. अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. पण अशा पंपांत एका अश्वशक्तीमागे नऊशे-हजार वॉटची पॅनेले लावतात. त्यात काही उधळपट्टी नाही. पॅनेलवरचा आकडा सेलचे तापमान २५ अंश असतानाचा असतो. वैशाखात पॅनेल साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापते आणि त्याची शक्ती बारा-पंधरा टक्क्यांनी घटते.

परसबागेसाठी स्वतःच छोटा पंप बसवणाऱ्यांनी आधी कागदावर हिशेब करावा. हजार लिटर पाणी वीस मीटर चढवायला निदान ५५ वॉट-तास इतके काम करावे लागते. छोटे पंप आणि मोटरी निम्म्याहून अधिक शक्ती वाटेतच खातात, म्हणून प्रत्यक्षात १३०-१४० वॉट-तास धरावेत. शंभर वॉटचे पॅनेल तापलेल्या अवस्थेत सत्तर-पंचाहत्तर वॉट देते असे धरले, तर एवढ्या पाण्याला स्वच्छ उन्हाचे सुमारे दोन तास लागतील. कोणी विक्रेता याच पॅनेलवर दिवसाला दहा हजार लिटर पाणी वीस मीटरवर चढेल असे सांगत असेल, तर त्याचा निरोप घ्यावा.

मोठ्या पॅनेलशी खेळ मात्र करू नये. खेळण्यातले पॅनेल निर्धोक असले तरी शेतातली पॅनेले एकापुढे एक जोडून शेकडो व्होल्टची झालेली असतात. ऊन असताना त्यांची जोडणी ओढून सोडवली तर डीसी विजेची ठिणगी विझत नाही, ताणली जाऊन पेटत राहते. आधी नियंत्रकाचे बटण बंद करून मग डीसी आयसोलेटर बंद करावा आणि पुढचे काम जाणत्यावर सोपवावे.

बाकी काळजी साधीच आहे. पॅनेलचे तोंड दक्षिणेला, कल महाराष्ट्रात सुमारे वीस अंश, उत्तर भारतात त्याहून थोडा जास्त. सेल एकापुढे एक जोडलेले असल्यामुळे एका सेलवरची सावलीही सगळ्यांचा करंट अडवते. शेवग्याची एक फांदी किंवा वाळत घातलेली साडी एवढ्यानेही पंप मंदावतो. जागा ठरवताना मे महिन्यातल्या दुपारी पाहून भागत नाही. डिसेंबरात सूर्य खाली असतो आणि सावल्या लांब पडतात, म्हणून थंडीतल्या सकाळी नऊ वाजता आणि दुपारी चार वाजता तिथे उभे राहून पाहावे. सावली पॅनेलपर्यंत येत असेल तर खांब दोन हात सरकवणे तेव्हाच सोपे असते.